बशी उलटी करून बघा

जुनी चिनी मातीची कपबशी घेताना नक्षीवर भाळू नका, आधी बूड बघा. अमेरिकेत १८९१पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले, म्हणून जपानी भांड्यांच्या बुडावर ‘निप्पॉन’ (म्हणजे जपानच) असा शिक्का आला. १९२१पासून त्याच्या जागी ‘जपान’ दिसते. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल, तर माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२पर्यंतचा. दुकानदार त्याला शंभर-दीडशे वर्षांचा म्हणाला, तर खुशाल हसा. शिक्का नसला म्हणून भांडे जुनेच असे मात्र नाही. शिवाय ‘निप्पॉन’चे नकली शिक्केही सर्रास मिळतात. त्यापेक्षा बुडाची कड भिंगाखाली धरा. वर्षानुवर्षांच्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांना गेलेले असतात. पॉलिशपेपरने मुद्दाम घासलेली कड एकाच दिशेने ओरबाडलेली दिसते.