आखडलेली मान आणि सुश्रुताचा कोरडा शेक

दिवसभर संगणकापुढे बसलेल्या कारकुनाची मान सायंकाळी आखडली, की घरात पहिला हुकूम सुटतो तो तेलाचा. मग ते महानारायण असो वा निर्गुंडीचे, कोमट करून चोळले म्हणजे आयुर्वेदाची आज्ञा पाळली गेली, असा आपला सोयीस्कर समज आहे. परंतु ज्या सुश्रुतसंहितेचा दाखला अशा वेळी दिला जातो, ती या बाबतीत बरीच चोखंदळ आहे. निदानस्थानाच्या प्रथम अध्यायात मन्यास्तंभाची, म्हणजे मान आखडण्याची, जी कारणे नमूद आहेत, त्यांत दिवसाची झोप, बसण्याची व उभे राहण्याची रीत आणि मान वळवून वर पाहणे यांचा समावेश होतो. आघाताचा वा वार्धक्याचा तेथे उल्लेख नाही. शरीर कसे वागविले, एवढीच विचारपूस ग्रंथकार करतो. त्याचा रोगी वर पाहत होता, आपला खाली पाहतो, इतकाच काय तो फरक.

प्रौढ माणसाचे मस्तक साधारण ४.५ ते ५ किलो भरते. सात मणक्यांवर ते सरळ तोललेले असेल तोवर मागील स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. पुढे झुकू लागले की तरफेच्या नियमाने त्याच स्नायूंवरील ओढ झपाट्याने वाढते. केनेथ हंसराज या अमेरिकन शल्यविशारदांनी २०१४ साली मांडलेल्या गणितानुसार ६० अंशांत वाकलेल्या मानेवर सुमारे २७ किलोंचा भार पडतो. हे गणित प्रतिमानावरचे आहे, जिवंत मानेवर मोजलेले नव्हे. सबब आकड्यास वेदवाक्य मानण्याचे कारण नाही, पण त्याचा रोख खरा आहे.

आता उपचाराकडे वळू. या व्याधीत वात कफाने आवृत असतो, अशी सुश्रुताची धारणा असल्यामुळे, चिकित्सास्थानात तो विशेषेकरून वातकफहारक नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणे, आणि रूक्ष स्वेद सांगतो. रूक्ष स्वेद म्हणजे कोरडा शेक, तव्यावर तापविलेल्या वाळूची वा जाड्या मिठाची पुरचुंडी. दोषांची ही परिभाषा आधुनिक शरीरशास्त्रात बसत नाही, हे खरे. तथापि उष्णतेने स्थानिक रक्ताभिसरण वाढते, आखडलेला स्नायू सैलावतो व वेदना काही काळ शमते, हे कोणीही मान्य करील. नस्य मात्र वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे. उडदाच्या पिठाचे आळे मानेवर लावून त्यात कोमट तेल धरण्याची जी ग्रीवाबस्ती हल्ली जागोजाग मिळते, तिने बरे वाटते, आणि अर्धा तास निमूट पडून राहावे लागते, हाही तिचा गुण लहान नव्हे. परंतु दुसऱ्या दिवशी रोगी त्याच खुर्चीत त्याच बाकाने बसणार असेल, तर आयुर्वेदाने ज्यास निदानपरिवर्जन म्हटले, ती कारण टाळण्याची मूळ चिकित्सा राहूनच गेली. पडदा डोळ्यांच्या उंचीस आणणे, थोड्या थोड्या वेळाने उठणे आणि मान-खांद्यांचा नियमित व्यायाम, एवढी तजवीज बिनखर्ची आहे.

पोटात घेण्याच्या औषधांविषयी अधिक सावधपणा हवा. २००८ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आंतरजालावरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले. तेव्हा गुग्गुळाच्या गोळ्या असोत वा भस्मे, ती परस्पर विकत घेऊन महिनोन्महिने गिळू नयेत. रक्तदाबाची वा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास तसे वैद्यास व डॉक्टरास, दोघांसही, सांगावे.

केशकर्तनालयात दाढीनंतर मान कटकन मोडून घेण्याची जी हौस आहे, ती मात्र सर्वस्वी टाकून द्यावी. मेंदूच्या मागील भागास रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून जातात आणि अकस्मात पिळाने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याचे प्रसंग वैद्यकाच्या दप्तरी आहेत. तसेच, मानेबरोबर हात बधिर वा दुर्बल होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरील ताबा सुटत असेल, ताप असेल किंवा दुखणे पडल्यानंतर सुरू झाले असेल, तर पुरचुंडी चुलीवरून उतरवून रोग्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.