'डॉक्टर का व्हायचंय?'

बारावीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. 'लोकांची सेवा करायची आहे' हे उत्तर हमखास येतं. ते खोटं असतं असं नाही, पण त्यातून त्या मुलाविषयी काहीच कळत नाही. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो, त्यामुळे बहुतेकांना हेतू कोणी विचारतही नाही. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र 'नीट'मधून निवडलेल्यांची मुलाखत घेतं. पुढे सैन्यदलात नोकरी करायची, तेव्हा हेतूची चौकशी ओघानं आलीच.

समजा, भोरजवळच्या उत्रोलीची एक मुलगी या मुलाखतीला निघाली आहे. भातकापणीत तिच्या चुलत्यांना घोणस चावली होती. 'तेव्हाच मी ठरवलं' एवढ्यावर ती थांबली, तर पुढचा प्रश्न येणार : मग नर्स का नाही? पण दवाखान्यातली एक गोष्ट तिच्या लक्षात राहिली आहे. डॉक्टरांनी थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलं, २० मिनिटं न हलवता ठेवलं आणि मग नळी तिरकी केली. रक्त पातळच होतं. घोणशीच्या विषामुळे रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात, म्हणून गुठळी होत नाही. त्यावरून प्रतिविष द्यायचं ठरलं. नळी काचेचीच का? काचेच्या स्पर्शानं गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लॅस्टिकमध्ये तशी होत नाही. हे तिनं तेव्हाच विचारलं असेल किंवा नंतर शोधून काढलं असेल, तर तिचा ओढा वेगळा सांगावा लागत नाही. नळीकडे पाहून निर्णय घेणारी व्यक्ती आपण व्हावं असं तिला वाटलं, हेच नर्सच्या प्रश्नाचं उत्तर.

आनंदीबाई जोशींनी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात लोकांचे प्रश्न असेच एकेक करून घेतले होते. अमेरिकेलाच का? एकट्या का? जातीबाहेर टाकलं तर? 'इथे सोय नाही का?' याला त्यांनी मद्रासचं कॉलेज आणि सुईणींचे वर्ग यांचा उल्लेख करून ते कुठे कमी पडतात ते सांगितलं. त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांचं असताना दगावलं होतं. तरी फिलाडेल्फियाच्या कॉलेजला लिहिताना त्यांनी कारण दिलं ते पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांचं.

शिक्षकांनी उत्तर लिहून देऊ नये. 'तू काय पाहिलंस? मग काय शोधलंस?' एवढंच विचारावं आणि प्रत्येक उत्तरावर आणखी एक 'का' टाकावा. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच 'का'ला अडखळतं.