शेतातून गेलेला काचेचा धागा

इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर हा परगणा आहे. तेथील ल्यून नदीच्या खोऱ्यात व लगतच्या टेकड्यांवर दगडी बांधांची कुरणे असून मेंढ्या आणि दुभती जनावरे पाळणे हा मुख्य व्यवसाय होय. गावे लहान असून अनेक शेतघरे गावापासून दूर एकएकटी वसलेली आहेत. लँकेस्टर शहर व तेथील विद्यापीठ फार दूर नाही. असे असूनही २०१० च्या सुमारास ह्या शेतघरांतून इंटरनेट मिळणे दुरापास्त होते. त्याच खोऱ्यात आज सामान्य शेतकऱ्याच्या घरी सेकंदाला १००० मेगाबिट वेगाची जोडणी आहे, आणि ती आणणारे चर पुष्कळ ठिकाणी त्या शेतकऱ्यांनीच खोदले आहेत. आपल्या गावांतही आता ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत ऑप्टिकल फायबर येत असल्याने हा उपक्रम समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम अडचण कोणती होती ते पाहू. जुनी टेलिफोनची तार तांब्याची असते. तांब्याच्या तारेतून जाणारा विद्युत्संकेत अंतराबरोबर क्षीण होत जातो. केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यास उत्तम वेग मिळतो. चार-पाच किलोमीटरवरील घरी पोहोचेपर्यंत त्यातील फारच थोडा उरतो. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याची जमीन आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. काचेच्या धाग्याचे तसे नाही. त्यातून वीज नव्हे, तर प्रकाश जातो. ज्या बारीक गाभ्यातून हा प्रकाश जातो त्याची जाडी अवघी ९ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पुष्कळ कमी असते. वीस किलोमीटर अंतरावरही संदेश स्वच्छ पोहोचतो, मध्ये कोठे विजेची आवश्यकता नसते, आणि पुढे अधिक वेग हवा झाल्यास दोन्ही टोकांची यंत्रे बदलली म्हणजे पुरते; जमिनीतील धागा तोच राहतो.

मग कंपन्यांनी हा धागा खेड्यात का नेला नाही? ह्याचे उत्तर धाग्याच्या किमतीत नाही, खोदकामात आहे. डांबरी रस्ता फोडावयाचा, वाहतूक वळवावयाची, चर बुजवून रस्ता पूर्ववत करावयाचा, आणि एवढे करून मैलभर अंतरात चार-पाचच घरे जोडावयाची, हा व्यवहार नफ्यावर चालणाऱ्या कंपनीस परवडत नाही. तिला दोष देऊन काही साधत नाही. रस्त्यावरून जाणे महाग असेल, तर शेतातून का जाऊ नये, असा विचार ह्या खोऱ्यातील काही मंडळींनी केला. शेतातील माती मऊ असते, शेतकऱ्याजवळ ट्रॅक्टर व खोदण्याची साधने असतात, आणि मुख्य म्हणजे जमीन त्याची स्वतःची असते.

ह्या विचारास २०११ मध्ये संस्थेचे रूप देण्यात आले. ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ असे तिचे नाव. तेथील लोक तिला ‘बी-फोर-आर-एन’ म्हणतात व उच्चार ‘बार्न’, म्हणजे धान्याचे कोठार, असा करतात. लँकेस्टर विद्यापीठात संगणक-जाळ्यांचे काम केलेले बॅरी फोर्ड हे तंत्रज्ञ, आणि रे गावच्या शेतकरी कुटुंबातील क्रिस कॉन्डर ह्या तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी होत. संस्था कंपनी-कायद्याखाली न नोंदविता समाजहिताची सहकारी संस्था म्हणून नोंदविण्यात आली. सभासदाचे भाग कितीही असोत, त्यास मत एकच. संस्थेची मालमत्ता विकून सभासदांना नफा वाटून घेता येत नाही. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून ज्या महाराष्ट्राने सहकाराचा अनुभव घेतला आहे, त्याला ह्या रचनेत नवे असे काही वाटणार नाही. नवे आहे ते एवढेच की, येथे ऊस किंवा दूध नसून प्रकाशाचा धागा हा सहकाराचा विषय झाला.

भांडवल परिसरातील लोकांनीच भाग घेऊन उभे केले. ज्यांच्याजवळ रोख रक्कम नव्हती त्यांच्यासाठी केलेली सोय विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. चर खोदून नळी पुरण्याचा मोबदला मीटरमागे दीड पौंड ठरविण्यात आला, व तो भागांच्या रूपानेही घेता येत असे. अशा रीतीने आपल्याच कुरणातून शेदोनशे मीटर चर काढणारा शेतकरी संस्थेचा भागधारक झाला. हे श्रमदान खरे, पण त्याची नोंद वहीत झाली. गावकामात लोकांचे श्रम घ्यावयाचे आणि मालकी मात्र दुसऱ्याची राहावयाची, ह्यातून पुढे जो उदासीनपणा येतो तो येथे आला नाही, ह्याचे श्रेय बहुतांशी ह्या एका तरतुदीस द्यावे लागेल.

२०१२ च्या वसंत ऋतूत खोदकामास प्रारंभ झाला. कामाची पद्धत साधी होती. प्रत्येक गावात काही स्वयंसेवक पुढे आले. त्यांनी नकाशावर घरे मांडली, मधली शेते कोणाची हे पाहिले, आणि प्रत्येक मालकाकडे जाऊन तार नेण्याची लेखी संमती विनामूल्य मिळविली. ह्या संमतीवर सारा हिशेब उभा होता. एखाद्याने नकार दिला तर शेजारच्या शेतातून वळसा घालावयाचा, हा शिरस्ता. नांगरासारख्या अवजाराने किंवा लहान खोदयंत्राने चर काढून त्यात आधी प्लॅस्टिकची पोकळ नळी पुरतात. घरापर्यंत जाणारी नळी बोटापेक्षाही बारीक असते. नळी पुरून झाली की हवेच्या दाबाने तिच्यातून काचेचा धागा पुढे ढकलला जातो. अशा रीतीने धागा शेकडो मीटर सुखरूप जातो, आणि पुढे तो खराब झाल्यास पुन्हा न खोदता नवा घालता येतो. दोन धाग्यांची टोके लहानशा यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. हे काम नाजूक खरे, परंतु गावच्या स्त्रीपुरुष स्वयंसेवकांनी तेही आत्मसात केले. रस्ते ओलांडण्यासारखी कामे मात्र परवाने घेऊन जाणकारांकडून करून घ्यावी लागली.

जोडणीसाठी १५० पौंड आणि महिना ३० पौंड असा प्रारंभीचा दर होता. शहरातील अनेकांना त्या काळी एवढ्या पैशात असा वेग मिळत नव्हता. आठ गावपरगण्यांपासून निघालेले काम शेजारच्या कंब्रिया व यॉर्कशायरमध्ये पसरले, आणि जोडलेल्या घरांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली.

शेतकऱ्यास ह्याचा उपयोग काय, असा प्रश्न तेथेही विचारला गेला. इंग्लंडमध्ये गोवंशाच्या प्रत्येक जनावराचा जन्म, मृत्यू व स्थलांतर सरकारदप्तरी नोंदवावे लागते, आणि ते इंटरनेटवरून करणे सर्वांत सोयीचे असते. २०१५ मध्ये तर शेती-अनुदानाचे अर्ज केवळ इंटरनेटवरून घेण्याचे ठरले होते. पुढे शेतांचे नकाशे भरावयाची सरकारी यंत्रणाच कोलमडल्याने त्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा कागदी अर्जांकडे वळावे लागले. तार कितीही उत्तम असो, पलीकडच्या टोकाचे काम नीट नसेल तर खेड्यातील मनुष्य ताटकळतच राहतो, हेही ध्यानात ठेवलेले बरे. लँकेशायरच्या जाळ्याचा दुसरा गुण असा की, त्यात माहिती घेण्याचा व पाठविण्याचा वेग सारखाच आहे. आजारी जनावराचे चलच्चित्र पशुवैद्याकडे पाठवावयाचे झाल्यास घेण्याचा वेग कामास येत नाही, पाठविण्याचाच यावा लागतो.

आपल्याकडील परिस्थिती ह्याहून वेगळी आहे. ग्रामपंचायतींपर्यंत धागा नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्येच मंजूर केली. ‘भारतनेट’ हे तिचे नाव २०१५ पासून रूढ झाले. प्रत्येक ग्रामपंचायतीस किमान १०० मेगाबिट वेग मिळावा असा हेतू आहे. ४ ऑगस्ट २०२३ रोजी १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात गावे कडीसारख्या वर्तुळात जोडावयाची आहेत, म्हणजे एका जागी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रवाह चालू राहील. देखभालीचाही त्यात समावेश आहे. पूर्वी अनेक गावांत यंत्र बसले, दिवा काही दिवस लागला, आणि पुढे तार तुटल्यावर तो विझला. ह्या अनुभवावरून देखभालीचे महत्त्व पटते.

तेव्हा आपल्या गावासमोरचा प्रश्न दूरच्या शहरातून तार आणण्याचा नसून पंचायतीपासून घराघरांत, वाडीवस्तीवर ती नेण्याचा आणि आलेली टिकविण्याचा आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा त्याआधी २०१८ पासूनच मिळू लागला. ही कामे करण्यासाठी शेतकऱ्याने टेकाडावर चढून सिग्नल शोधत उभे राहावे, ही स्थिती बरी नव्हे. गावाने स्वतः इंटरनेटची जोडणी विकावयाची तर दूरसंचार परवाना लागतो, म्हणून लँकेशायरचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही. मात्र डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकानदार किंवा सेवा केंद्र चालविणारा तरुण परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय सुरू करू शकतो. बचत गटांनी ह्याचा विचार करण्यास हरकत नाही.

तार टिकविण्याचे काम तर सर्वस्वी गावाच्या हाती आहे. जमिनीतील धागा बहुधा चोरामुळे किंवा पावसामुळे तुटत नाही. तो जेसीबीमुळे तुटतो. पाइपलाइन, पाणंद रस्ता, शेततळे, विहिरीवरची केबल, असे कोणतेही खोदकाम काढण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहिले पाहिजे. ह्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अॅप सुरू केले असून खोदणारा व तारेचा मालक ह्यांची त्यातून गाठ पडते. ग्रामपंचायतीने तारेचा मार्ग गावनकाशावर उतरवून घ्यावा, कोणत्या गटातून, बांधाच्या कोणत्या अंगाने ती गेली आहे ते लिहून ठेवावे, आणि ती नोंद गावात यंत्र चालविणाऱ्या प्रत्येक चालकास दाखवावी. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात व पावसाळ्यात माती फुगते. तेथे तार पुरेशी खोल गेली आहे की नाही, हे चर बुजविण्यापूर्वीच पाहून घ्यावे.