वास्तूचा आवाज

म्हैसूर शहरापासून पंचवीसएक किलोमीटरवर, कावेरीच्या खोऱ्यात, बन्नूर नावाचे एक गाव आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाचे गुरू म्हणून ज्यांचा लौकिक झाला, त्या द्वैतमताचार्य व्यासतीर्थांचे हे जन्मस्थान. पुरंदरदास आणि कनकदास यांची गणना त्यांच्याच शिष्यमंडळात होते. महाराष्ट्रालाही हे नाते परके वाटू नये. कारण पुरंदरदासांच्या पदांच्या अखेरीस येणारी नाममुद्रा विठ्ठलाचीच आहे. या हरिदासांपाशी तंबोरा आणि चिपळ्या यांपलीकडे साधन नव्हते. दासाने देवळाच्या मंडपात पद म्हणावे आणि लोकांनी त्याचा शब्द कानी पडेल एवढ्याच अंतरावर दाटीने बसावे, असा तो सरळ व्यवहार होता. सभा किती मोठी भरावी हे गाणाऱ्याच्या कंठावरून ठरत असे.

मायक्रोफोन आणि कर्णा आले आणि ही मर्यादा संपली. कोणत्याही यात्रेत वा उत्सवात आता मंडपापासून कोसभर आवाज जातो. आवाज जातो खरा, पण शब्द जातोच असे नाही. उत्सवाच्या रात्री घरी बसून कीर्तन ऐकू पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसास बुवांचा स्वर चढला की उतरला एवढे समजते; ते काय सांगत आहेत हे मात्र समजत नाही. आवाज वाढविला म्हणजे अर्थ पोहोचतो, ही समजूत इतकी दृढ झाली आहे की, कळत नसल्याची तक्रार आली की यंत्राची कळ आणखी पुढे सरकविली जाते. ध्वनिव्यवस्था हा ज्यांचा व्यवसाय आहे, ते जाणकार मात्र यंत्राला हात लावण्यापूर्वी जागेच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवितात आणि तिचा नाद विरेपर्यंत गप्प राहतात.

ही टाळी काय सांगते, ते समजून घेण्यास म्हैसूरचेच सेंट फिलोमिना चर्च उत्तम आहे. १९३३ साली महाराज कृष्णराज वडियार यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९३६ मध्ये ते उभे राहिले. जर्मनीतील कलोन येथील प्रसिद्ध मंदिराचा आदर्श समोर ठेवून बांधलेली ही गॉथिक धर्तीची वास्तू असून तिचे दोन मनोरे १७५ फूट उंच आहेत. अशा वास्तूत उंच कमानी, कठीण भिंती, फरसबंद जमीन आणि काचेची चित्रे असतात. यांतील एकही वस्तू आवाज पिऊन टाकीत नाही. उच्चारलेला ध्वनी भिंतीवरून छताकडे, छतावरून जमिनीकडे असा फिरत राहतो आणि कित्येक सेकंदांनी विरतो. यालाच शास्त्रात अनुरणन म्हणतात. घुमारा हा आपला जुना शब्दही वाईट नाही.

सामान्य गतीने बोलणारा मनुष्य एका सेकंदात चार-पाच अक्षरे उच्चारतो. घुमारा चार सेकंदांचा असेल, तर विसावे अक्षर बाहेर पडते तेव्हा पहिल्याचा अंश अद्याप हवेत तरंगत असतो. स्वर लांबतात व बलवान असतात; व्यंजने क्षणिक आणि दुबळी. तेव्हा आधीच्या अक्षरांच्या स्वरांखाली पुढची व्यंजने बुडून जातात, आणि शब्दाचा अर्थ तर मुख्यतः व्यंजनांवर उभा! ‘काळ’, ‘बाळ’, ‘माळ’, ‘टाळ’ यांत फरक पहिल्या व्यंजनाचाच आहे. तोच हरपला, तर श्रोत्याच्या वाट्याला उरतो केवळ ‘आ’कार.

येथे एक ऐतिहासिक गंमत आहे. युरोपातील जुन्या चर्चवास्तूंत हा घुमारा दोष मानला जात नसे. लॅटिन प्रार्थना संथ स्वरांत गाइल्या जात, प्रत्येक स्वर पुढच्यात मिसळे आणि त्यातूनच गांभीर्य निर्माण होई. शब्द बहुतेकांना पाठ असत, वा मुळीच समजत नसत. दोन्हीं प्रकारांत बिघडत काही नसे. अडचण होई ती लोकभाषेतील प्रवचनाची, म्हणून प्रवचनपीठ उंचावर आणि लोकांच्या मध्ये आणीत व त्यावर लाकडी छत्र बसवीत. पुढे व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेत लोकभाषा वापरण्यास वाट मोकळी करून दिली. मग कोकणी, मराठी, कन्नड, तमिळ अशा भाषांत संपूर्ण उपासना होऊ लागली, आणि गाण्यासाठी घडलेल्या वास्तूंवर बोलण्याचे ओझे पडले. भाषा लोकांची झाली. ती शेवटच्या बाकापर्यंत नेण्याचे काम ध्वनितज्ज्ञाकडे आले.

घुमाऱ्याचे गणित प्रथम बसविले ते अमेरिकेतील वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्याच्यावर एक काम सोपविले. नव्या व्याख्यानगृहात बोललेले कोणालाही कळत नव्हते, त्यावर उपाय हवा होता. तेथे घुमारा साडेपाच सेकंदांच्या घरात होता. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, ऑर्गनची नळी वाजवावी, नाद विरण्यास लागणारा वेळ घड्याळावर मोजावा आणि उजाडण्यापूर्वी गाद्या जागच्या जागी पोहोचवाव्या, असा क्रम चालविला. त्यातून निघालेला नियम सोपा आहे: जागा जितकी मोठी तितका घुमारा अधिक, ध्वनिशोषक पृष्ठभाग जितका अधिक तितका घुमारा कमी. माणसे हीसुद्धा ध्वनिशोषकच. मात्र बॉस्टनच्या हिवाळ्यातील लोकरी कोटातला श्रोता जेवढा ध्वनी शोषील, तेवढा म्हैसूरचा सुती धोतर-सदऱ्यातला श्रोता शोषणार नाही. परदेशी कोष्टके डोळे मिटून वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवलेले बरे.

भिंतींना गाद्या लावता येत नसतील तेव्हा काय करावे? मोठा कर्णा लावल्यास आवाजाबरोबर घुमाराही त्याच प्रमाणात वाढतो. हाती काहीच लागत नाही. शिवाय कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनात शिरून पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडू लागला की ती सुप्रसिद्ध शिट्टी सुरू होते. योग्य मार्ग असा की, लहान ध्वनिवर्धकांची उभी रांग करून तिचा झोत छताकडे न जाऊ देता माणसांच्या कानांच्या पातळीवर रोखावा, आणि असे अनेक स्तंभ थोड्याथोड्या अंतरावर ठेवून प्रत्येकाचा आवाज बेताचा राखावा.

यात एक नवी अडचण उद्भवते. विजेच्या तारेतून आवाज तत्क्षणी पोहोचतो. हवेतून मात्र तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने चालतो. चौतीस मीटर दूर बसलेल्या श्रोत्यास जवळच्या स्तंभाचा शब्द आधी ऐकू येईल आणि धर्मगुरूंचा मूळ शब्द सेकंदाच्या दशांशाने मागाहून. तेव्हा स्तंभाचा आवाज मुद्दाम तेवढा थोपवून धरावा लागतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत फिरत्या चुंबकीय चाकावर आवाज टिपून, किंचित उशिराने तो परत वाचून, ही युक्ती साधली होती. आता तेच काम अंकीय यंत्र सहज करते. जर्मन संशोधक हेल्मुट हास याने १९४९ च्या प्रबंधात दाखविले की, तोच ध्वनी दोन दिशांनी सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आत आला, तर कान दोन्ही एकच मानतो व दिशा पहिल्या ध्वनीची धरतो. म्हणून स्तंभाचा आवाज हिशेबापेक्षा आणखी थोडा मागे ठेवतात. मग श्रोत्याला शब्द जवळच्या स्तंभातून मिळतो, पण वाटते की तो थेट वेदीपासूनच येत आहे. ही फसवणूक निर्मळ म्हणावयास हरकत नाही.

ध्वनिमुद्रणगृहात सारा प्रश्न उलटा होतो. तेथे वास्तूने स्वतःचा आवाज मिसळू नये अशी अपेक्षा असते. म्हैसूरलाच प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्रज्ञांनी १९३५ च्या सप्टेंबरात आपल्या राहत्या घरी एक छोटे प्रक्षेपणकेंद्र सुरू केले. त्याला त्यांनी दिलेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने उचलले. प्रक्षेपणासाठी वा मुद्रणासाठी मुद्दाम बांधलेल्या दालनात मात्र घरासारख्या भिंती चालत नाहीत. तेथे खोलीच्या आत दुसरी खोली बांधतात, दोन दारांमध्ये मोकळी जागा सोडतात, भिंतींवर शोषक आवरण चढवितात. भाषणाच्या दालनातला घुमारा सेकंदाच्या तृतीयांशाच्या आसपास ठेवतात. गाण्याच्या दालनाला तो त्याहून अधिक लागतो, नाही तर स्वर कोरडा पडतो. वक्त्याला मायक्रोफोनासमोर सरळ न बसविता किंचित तिरके बसवितात, कारण ‘फ’ आणि ‘भ’ या अक्षरांबरोबर सुटणारा वारा यंत्रावर धक्का देतो. महाप्राणांनी समृद्ध अशा मराठीला ही काळजी अंमळ अधिकच घ्यावी लागते.

१९२५ च्या सुमारास विद्युत् मुद्रण आले, तोवर गायकाला एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गावे लागे. बारीक, हळुवार आवाजावर त्यात अन्यायच होई. मिरजेस स्थायिक झालेले आणि म्हैसूर दरबारात मानले गेलेले अब्दुल करीम खाँ यांनी दोन्ही काळांत ध्वनिमुद्रणे केली. उत्तरायुष्यातील तबकड्यांत त्यांच्या स्वराची जी कोवळीक ऐकू येते, तिचे काही श्रेय मायक्रोफोनालाही दिले पाहिजे.

मुंबईत १९८० साली उघडलेल्या टाटा नाट्यगृहात सिरिल हॅरिस या ध्वनिशास्त्रज्ञाने यंत्राविना मैफल ऐकू यावी अशी रचना केली. तशी सोय क्वचितच लाभते. बहुतेकांना आहे त्या वास्तूशी जुळवून घ्यावे लागते. तेथे अनुभवी ध्वनितज्ज्ञ रिकाम्या चर्चमध्ये शनिवारी केलेली मांडणी अखेरची मानीत नाही. रविवारी बाके भरली की घुमारा आखडतो. नाताळच्या मध्यरात्री लोक भिंतींना टेकून उभे राहतात तेव्हा आणखी आखडतो, आणि उपासना संपून गर्दी ओसरू लागली की पुन्हा लांबतो. म्हणून तो यंत्रापाशी ठाण मांडून न बसता अधूनमधून उठतो, शेवटच्या बाकामागे जातो आणि चालू वाक्यातील व्यंजने मोजू लागतो.