सर्व्हर बदलला, रुग्णाचे खाते कुठे गेले?

एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती जुन्या संगणकप्रणालीतून नव्या प्रणालीत हलवली. त्यानंतर लाखो ग्राहकांना आपलेच खाते उघडेना. काहींना चक्क परक्याचे खाते दिसले. पैशांचा हिशेब उशिरा का होईना, लागतो. रुग्णालयाच्या खात्यात मात्र पेनिसिलिनची ॲलर्जी असते, वॉरफरिनचा शेवटचा डोस असतो, क्षयाच्या औषधांचा कितवा महिना चालू आहे ते असते.

बहुतेक वेळा ही माहिती पुसली गेलेली नसते. संगणक माणसाला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतो. नव्या सर्व्हरवर त्याच माणसाला नवा क्रमांक पडतो आणि जुने रिपोर्ट जुन्या क्रमांकालाच चिकटून राहतात. डॉक्टर-परिचारिकांच्या लॉगिनचेही तसेच. जुना क्रमांक कोणता, नवा कोणता, याची यादी आधीच करून ठेवली असेल तर गाडी लवकर रुळावर येते. नसेल तर नाव, वय, मोबाइल यांवरून जोड्या लावत बसायचे.

आणि इथेच आपल्याकडे खरी पंचाईत होते. केसपेपर काढताना वय ‘असेल चाळीस-पंचेचाळीस’. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून. चव्हाणांचे इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचे. बाईंचे नाव एकदा माहेरचे, एकदा सासरचे. मोबाइल नंबर मुलाचा, आणि घरातल्या चौघांच्या केसपेपरवर तोच!

एका रुग्णाची दोन खाती झाली तर तपासण्या पुन्हा कराव्या लागतात, त्रास होतो. दोन रुग्णांचे एक खाते झाले तर जीवावर बेतू शकते, कारण एकाचा रिपोर्ट पाहून दुसऱ्याला औषध दिले जाते. म्हणून शंका असेल तिथे खाती न जोडलेलीच बरी. रक्त चढवण्यापूर्वी जुना रक्तगट नोंदीत असला तरी ताजा नमुना घेऊन क्रॉसमॅच करतात, त्यामागे हीही भीती आहे. घाईघाईने जुना सर्व्हर पुसून टाकणे हा तर शुद्ध अविचार. तो केवळ वाचण्यापुरता चालू ठेवावा, आणि मधल्या काळात कागदावर झालेल्या नोंदी नंतर आठवणीने संगणकात चढवाव्यात. हे शेवटचे काम हमखास राहून जाते.

खिडकीवर ‘तुमचे नाव दिसत नाही’ असे सांगितले तर लगेच नवी नोंदणी करून मोकळे होऊ नका. आधी आल्याचे सांगा, जुना केसपेपर दाखवा. आभा कार्डाचा १४ अंकी क्रमांक ओळख पटवायला उपयोगी पडतो. पण त्या क्रमांकात रिपोर्ट नसतात, ते त्या त्या रुग्णालयातच राहतात. त्यामुळे डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. ॲलर्जी असेल तर कोणी विचारो न विचारो, दरवेळी तोंडाने सांगा. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणणाऱ्या आजीबाईंना घरचे हसतात. सर्व्हर बंद पडलेल्या दिवशी ओपीडीत सर्वांत आधी त्यांचेच काम होते.