बंगळुरूचं 'मिलिटरी'

आपल्याकडे 'मिलिटरी' हे इंग्रजी विशेषण शिस्तीला, हिरव्या रंगाला, फार तर कँटीनला लागतं. बंगळुरूत ते हॉटेलला लागतं आणि अर्थ होतो सामिष. 'मिलिटरी हॉटेल' पाटी दिसली की आत मटण, पाया, खिमा, रागी मुद्दे (नाचणीचे गोळे) आणि पानाच्या द्रोणात वाढलेली दोन्ने बिर्याणी असणार. ओळखपत्र कुणी मागत नाही! उडुपी म्हटलं की शाकाहारी, तसं मिलिटरी म्हटलं की मांसाहारी, इतकी ही वाटणी तिथे पक्की आहे.

नावामागे दोन कथा सांगतात. एक ब्रिटिश छावणीची. ती 1809 मध्ये वसली. दुसरी मराठा सैनिकांच्या जेवणाची. 1638 च्या सुमारास बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि मराठा घराणी तिकडे रुजली. आजही अशी कित्येक हॉटेलं मराठा कुटुंबं चालवतात, त्यामुळे दुसरी कथा मला अधिक पटते. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल तर नावातच मराठी आहे. जायचं असेल तर दुपारी लवकर जा; उशीर झाला की बिर्याणी संपते.