बाटलीवरची ‘मावशी’

अमेरिकेत न्याहारीला पॅनकेक खातात. पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचाच एक भाऊबंद. त्यावर ओतावयाच्या पाकाच्या बाटलीवर एका हसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र कित्येक वर्षे झळकत होते. ‘आंट जेमायमा’ हे तिचे नाव २०२१ साली बाजारातून गेले. ते आले कोठून, हे पाहण्यासारखे आहे.

१८८९ साली मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ गावी पर्ल मिलिंग कंपनीने पॅनकेकचे तयार पीठ काढले. त्याला नाव हवे होते. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या नटांच्या खेळातील एका गाण्यातून ते उचलण्यात आले. दक्षिणेकडील गोरे लोक वयस्क कृष्णवर्णीय स्त्रियांना ‘आंट’ म्हणत. कारण ‘मिसेस’ म्हणणे म्हणजे त्यांना बरोबरीचे मानणे ठरले असते. नात्याचा शब्द येथे मान नाकारण्याच्या कामी आला.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ही जेमायमा सदेह अवतरली. केंटकीत गुलामीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन यांना त्या भूमिकेसाठी नेमण्यात आले होते. पीठ खपले आणि मालक बदलत गेले. १९२६ साली हा व्यवसाय क्वेकर ओट्सने घेतला, १९६६ साली पाकही बाजारात आला. १९८९ साली चित्रातील स्त्रीच्या डोक्यावरचा पट्टा जाऊन कानात मोती आले; नाव मात्र तेच राहिले. नॅन्सी ग्रीन १९२३ साली मोटारीच्या अपघातात गेल्या. त्यांच्या कबरीवर नाव कोरलेला दगड बसला तो २०२० साली!

त्याच वर्षी वर्णद्वेषाविरुद्ध उसळलेल्या आंदोलनानंतर कंपनीने नाव बदलण्याचे ठरविले, आणि पुढे ‘पर्ल मिलिंग’ हे जुनेच नाव पुन्हा आणले. नंतरच्या काळात ही भूमिका करणाऱ्या काही स्त्रियांच्या वंशजांना ते रुचले नाही. आमच्या आजी-पणजीने कष्टाने केलेले कामही यात पुसले जाईल, ही त्यांची तक्रार. ती सहज झटकून टाकण्याजोगी नाही.

अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. त्या महाराष्ट्रात आजही धुणीभांडी करणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणण्याची रीत आहे. हाक गोडच आहे. पण त्या मावशीचे खरे नाव किती घरांना ठाऊक असते?